वाचून कायम

१

दफ्तरदार मेला त्या सोमवारी आमच्या नगरपालिकेच्या मासिक सभेत अकरा विषय सर्वानुमते मंजूर झाले. दोन्हींत नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. विषय आमच्याकडे सर्वानुमतेच मंजूर होतात, आणि दफ्तरदाराचा दमा तीस वर्षांचा जुना. सभेत तो माझ्या शेजारी बसायचा, तेव्हा त्याच्या छातीची घरघर मला तोंडपाठ होती. नवल एवढंच, की तो दफ्तरखान्यात मेला आणि दाराला कडी बाहेरून होती.

तो सापडला मामीला, संध्याकाळी पाच वाजता. मामी म्हणजे आमची झाडूवाली. तिचा नवरा आमच्याकडे शिपाई, त्याला सगळं ऑफिस मामा म्हणतं, म्हणून ती मामी. तिने कडी काढून दार ढकललं तर दार उघडेना, कारण आतून दफ्तरदार दाराला टेकून बसला होता. काखेत एक गुंडाळलेला नकाशा, आणि उजव्या हाताच्या बोटांची सालटं निघालेली. खोलीत वाळवीच्या औषधाचा असा उग्र दर्प, की धडधाकट माणसाचेही डोळे चुरचुरावेत. तोंडात मारायचा दम्याचा पंप तो अंघोळीलासुद्धा सोबत नेत असे. पंप ना खिशात होता, ना खोलीत.

डॉक्टर म्हणाले, मरण अकरा ते दोनच्या मधलं. हवालदाराने माझ्याकडून इतिवृत्ताची वही मागून घेतली. सभा लिपिक मी. सभेत काय झालं ते मी लिहितो, सभा संपली की जेवणाआधी सगळे सदस्य त्या मजकुराखाली सह्या करतात, आणि ते गावाला लागू होतं. हवालदाराने विषय क्रमांक सातवर बोट ठेवलं:

"दफ्तरदारांनी तळ्याच्या जुन्या हद्दीचा नकाशा पडद्यावर दाखवून सभागृहास माहिती दिली. चर्चेअंती सर्वानुमते मंजूर."

सातवा विषय साडेबाराला निघाला होता. म्हणजे साडेबाराला दफ्तरदार जिवंत होता, वर सभागृहात होता. त्यानंतर सभा सव्वापर्यंत, मग त्याच सभागृहात तीनपर्यंत जेवण, आणि सगळे एकमेकांच्या नजरेसमोर. नजरेआड एकच माणूस, मामा. तो तेव्हा खाली ग्लास विसळत होता. त्यात दोनच दिवसांपूर्वी जुन्या रजिस्टरवर ओले ग्लास ठेवले म्हणून दफ्तरदाराने त्याची लेखी तक्रार केली होती, आणि मामा चारचौघांत त्याला "तुझा दम निघेल एक दिवस" असं बोलला होता. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं तर वांगं आयतं तयार होतं. आमच्या मुख्याधिकारी साहेबांनी ते स्वतः हवालदाराच्या हातात दिलं.

मामाला मानगुटीला धरून नेलं, तेव्हा तो जिन्यावरून ओरडत होता, "दफ्तरदार वर परत आलाच नव्हता हो! मी दारात उभा होतो!"

एका बाजूला सतरा सह्या आणि एका बाजूला शिपाई. मामी झाडू हातात धरून तशीच उभी होती.

हवालदाराने जाता जाता मला विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"मीच," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

२

पाचव्या दिवशी वरून एक फौजदारबाई आल्या. बुटक्या, पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा. त्यांना एक खोड होती. दिसेल ते वाचायचं. जिन्यावरची 'थुंकू नये' ही पाटी त्यांनी थांबून वाचली. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख वाचली आणि म्हणाल्या, "हे सहा वर्षांपूर्वीच संपलंय." कपाटावरची लेबलं, कॅलेंडरखालची जाहिरात, रद्दीच्या गठ्ठ्यावरचा वरचा कागद, सगळं वाचलं. वाचताना ओठ हलायचे. आमच्या ऑफिसात असा प्राणी कुणी पाहिला नव्हता. आमच्याकडे कागद येतो, त्यावर सही होते आणि तो पुढे जातो. वाचत बसलं तर कामं कधी करायची?

साहेबांनी मला त्यांच्या दिमतीला दिलं. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "बाईंना मागतील ते दाखव. न मागितलेलं दाखवू नकोस."

सभागृहात शिरल्या शिरल्या बाई भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. "घड्याळ एक तास पन्नास मिनिटं मागे आहे."

"विजेवरचं आहे. वीज गेली की थांबतं, आली की तिथून पुढे चालतं."

"कुणी लावत नाही?"

"उंचावर आहे ना. शिडी लागते. आणि शिडी घ्यायची तर ठराव हवा."

बाई हसल्या नाहीत. वहीत काहीतरी टिपलं. मग माझ्या टेबलाशी आल्या. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला माझं छोटं टेबल आहे, त्याला एक खण, खणाला कुलूप, आणि किल्ली माझ्या कमरेला. त्या खणात काय होतं ते सांगेन पुढे. बाईंनी टेबलावरून नुसता हात फिरवला.

"हा खण कशाचा?"

"कोऱ्या कागदांचा."

पायऱ्यांवर मामी बसली होती. सकाळी सगळं ऑफिस झाडून काढायची, मग ठाण्यात डबा द्यायला जायची, तो परत घेऊन यायची आणि पायरीवर बसायची. डबा कधी भरलेलाच परत यायचा. तिने मला हाक मारली, "भाऊजी, तुम्ही तर तिथंच होतात. हे खोटं बोलत नाहीत हो. ठाण्यात म्हणतात, पंप कुठे टाकलास ते सांग. नसलेली गोष्ट कुठून सांगतील?"

वीस वर्षं मामाच्या हातचा चहा प्यायलो होतो मी. माझ्या मुलीच्या आजारपणात चार रात्री हॉस्पिटलात तो बसला होता.

"बघू, मामी," मी म्हटलं. हा शब्द आम्ही कारकून लोक जन्मतःच शिकून येतो.

३

बाईंनी सदस्यांना एकेकटं बोलावलं. मी टिपणं घ्यायला बाजूला बसलो होतो.

पहिले अध्यक्ष. त्यांना गाव दादा म्हणतं. दादा आडवेतिडवे, बोलणं खुर्चीभर.

"नकाशा? दाखवला की. चांगला भला मोठा होता."

"कुठल्या रंगाचा?"

"आता नकाशाच्या रंगाचा! नकाशाला काय फुलं असतात?"

मग मास्तर, आमचा एकखांबी विरोधी पक्ष. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. ते म्हणाले, "नकाशा अगदी स्पष्ट होता. मी त्यावर दोन प्रश्नही विचारले."

"इतिवृत्तात ते प्रश्न नाहीत."

मास्तरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "लिपिकाने गाळले असतील. विरोधकांचं गाळतातच."

मी खाली मान घालून तेही लिहून घेतलं. मास्तरांच्या सुनेची बालवाडीतली नेमणूक त्याच सभेत नवव्या विषयात मंजूर झाली होती. सातवा विषय खोटा ठरला तर नववा कसा खरा राहणार? प्रत्येकाचा आपापला एक विषय होता त्या वहीत. तेरी भी चूप, मेरी भी चूप. आणि खरं सांगायचं तर काहीजणांना आता नकाशा दिसल्याचं आठवतही होतं. लिहिलेलं चार वेळा ऐकलं की माणसाला ते पाहिल्यासारखंच वाटू लागतं.

शेवटी उपाध्यक्षा. त्यांना सगळे अक्का म्हणतात. अक्का स्वभावाने गरीब, पण तोंडाला बूच नाही.

बाईंनी विचारलं, "त्या दिवशी खूप उकडत होतं का हो?"

"अगं बाई, विचारू नका! अकरा दहाला वीज गेली ती एकला आली. नुसत्या घामाच्या धारा. सगळे अजेंड्याने वारा घेत होते. पण त्या गुलाबी कागदाने काय होतंय? वाकतो मेला. साहेबांना माझी दया आली. ते मीटर बघायला खाली गेले होते, आले ते घामेघूम होऊन, आणि फाइलीतून एक छान जाड पुठ्ठा काढून मला दिला. त्याने काय वारा यायचा! मी घरीच नेला तो."

मी लिहायचा थांबलो. बाईंचं पेन मात्र चालूच होतं.

"आणखी काही आठवतं? आवाज वगैरे?"

"ठोकत होते ना खाली. पंखे बंद, म्हणून सगळं ऐकू यायचं. धाडधाड, धाडधाड. दादा वैतागले, म्हणाले बघा रे कोण आहे ते. साहेब म्हणाले, मीच सांगितलंय, दफ्तरखान्यातलं कपाट दुरुस्त करतायत, होईल पाच मिनिटांत. मग हळूहळू ठोकायला लागले. मग थांबलंच." अक्का पदराने मान पुसत होत्या. "दादा म्हणाले, झालं वाटतं कपाट. आम्ही हसलो."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हसलात?"

"सगळेच हसलो, बाई," अक्का म्हणाल्या. मग काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं. "हे लिपिकसुद्धा हसले."

४

पुठ्ठा अक्कांच्या मोरीत पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला होता. बाईंनी तो दोन बोटांनी उचलला आणि उलटा केला. ओठ हलले. मग त्यांनी मोठ्याने वाचलं, "सावधान. वाळवीचे औषध मारले आहे. तीन दिवस आत जाऊ नये."

चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे होते, आणि त्यांना दाराचा हिरवा रंग सोलून चिकटला होता. आमच्या दफ्तरखान्याचं दार हिरवं आहे.

अक्का मटकन खाली बसल्या. "मी कुठं वाचते हो? त्यावर औषधाचं काहीतरी आहे एवढं दिसलं होतं. मला वाटलं जाहिरात असेल."

"आणि साहेबांनी तुम्हाला देताना वाचलं नाही?"

"साहेब? ते तर सहीसुद्धा दुसरीकडे बघत करतात."

आम्ही परत निघालो. पुठ्ठा त्यांनी छातीशी धरला होता. चौकात आल्यावर म्हणाल्या, "औषध रविवारी मारलं, ऑफिसला सुट्टी असताना. दफ्तरदाराला कुणी कळवलं नव्हतं, त्याच्या बायकोला विचारलंय मी. कळवायला हा पुठ्ठा होता. तो सभेच्या आधी कुणीतरी दारावरून काढला आणि फाइलीत घातला. आणि मग घामाच्या धारा लागल्यावर, हातात काय आहे ते न बघता, शेजारणीला वारा घ्यायला दिला." त्या थांबल्या. "माणूस मारायचं सगळं नीट जमवलं, आणि न वाचायची सवय नडली."

मी विचारलं, "म्हणजे मामा सुटला?"

बाईंनी माझ्याकडे भिंगांतून पाहिलं. "ते तुमची वही ठरवणार."

५

साहेब जराही गडबडले नाहीत. पुठ्ठा पाहून म्हणाले, "टेबलावरच्या फाइलीत होता, मी अक्कांना दिला. माझ्या फाइलीत कुणी घातला ते शिपायाला विचारा. टेबलं तोच लावतो."

बाईंनी आवक नोंदवही उघडली. शनिवारच्या पानावर वीज कचेरीचं पत्र होतं: सोमवारी दुरुस्तीसाठी अकरा ते एक वीज बंद. शेजारी साहेबांची आद्याक्षरी. "वीज जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं. पडदा चालणार नाही हे ठाऊक होतं. मग दफ्तरदाराला मूळ नकाशा आणायला खाली जावंच लागणार."

"मी दिवसाला साठ पत्रांवर सही करतो. वाचतो असं कुणी सांगितलं?"

बाईंनी मग नकाशा उलगडला. तो दफ्तरदाराच्या काखेतून काढून ठाण्याच्या कपाटात ठेवला होता, आणि आठवडाभर कुणी उघडूनही पाहिला नव्हता. जुना, कापडावर चिकटवलेला. निळ्या रेघेत तळं. नव्या बाजाराची इमारत जिथं उभी राहिली होती, तिथं नकाशात निळं पाणी होतं. बाजार तळ्याच्या हद्दीबाहेर आहे असा दाखला साहेबांनी दिला होता. भिंतींना आताच भेगा पडल्या होत्या. हा नकाशा सभेत उघडला असता तर साहेबांची खुर्ची त्याच दिवशी गेली असती, आणि मागोमाग साहेब.

"अकरा वीसला तुम्ही मीटर बघायला म्हणून खाली गेलात," बाई म्हणाल्या. "त्याआधी मामाला वीज कचेरीत पिटाळलंत. तो बारापर्यंत तिथल्या बाकावर बसून होता, तिथला कारकून शपथेवर सांगतो. कडी अकरा वीसला लागली असेल, तर मामा निर्दोष आणि तुम्ही…"

"पण लागली नाही ना अकरा वीसला," साहेब शांतपणे म्हणाले. "साडेबाराला दफ्तरदार सभागृहात नकाशा दाखवत होता. सभागृहाचं इतिवृत्त आहे, बाई. सतरा सह्या आहेत. मी साडेबाराला व्यासपीठावर होतो आणि तीनपर्यंत हललो नाही."

"वीज नसताना पडद्यावर नकाशा?"

"पडद्यावर की हातात, लिपिकाने शब्द इकडचा तिकडे केला असेल. माणूस तर आला होता ना? विचारा त्याला."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"इतिवृत्त तुम्ही कधी लिहिता?" बाईंनी विचारलं.

"सभेत. समोर बसून," मी म्हटलं.

बाईंनी नोंदवही मिटली. त्या गेल्यावर साहेबांनी मला थांबवून घेतलं. खांद्यावर हात ठेवला. "खोटं इतिवृत्त लिहिणारा कारकून तुरुंगात जातो. लिहायला सांगणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच कागदावर नसतं. तू शहाणा आहेस."

बाहेर पायरीवर मामी होती. त्या दिवशी तिने हाक मारली नाही. डब्याच्या झाकणाला रक्ताचा डाग लागला होता आणि ती तो नखाने खरवडत होती. नंतर कळलं, ठाण्यात मामाच्या कानातून रक्त येत होतं. बाईंनी हवालदाराला त्या दिवसापासून मामाच्या कोठडीजवळ फिरकू दिलं नाही, पण आधीचे सगळे दिवस हवालदाराचेच होते.

मी घरी जाऊन जेवलो. झोपही लागली. ही गोष्ट मला अजून खुपते.

६

अकराव्या दिवशी खास सभा होती. पहिला विषय नेहमीचा: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. प्रेक्षकांच्या बाकावर बाई बसल्या होत्या, शेजारी मामी, आणि दारात दोन शिपाई, पोलिसांचे.

दादा म्हणाले, "वाचून कायम?"

सतरा हात वर गेले.

"अजून वाचलं नाही," बाई म्हणाल्या.

दादा हसले. "ती म्हणायची पद्धत असते हो, बाई."

"तुमच्या नियमात 'वाचून' असं लिहिलंय. मी नियम वाचलेत. वाचा."

सभागृहात चुळबूळ झाली. पण अक्का एकदम उठून म्हणाल्या, "वाचा हो. मला ऐकायचंय." पुठ्ठा सापडल्यापासून अक्कांनी धड जेवणही केलं नव्हतं म्हणे.

मी उभा राहिलो. बावीस वर्षांच्या नोकरीत माझंच लिखाण मी पहिल्यांदा मोठ्याने वाचत होतो. एक, दोन, तीन. प्रत्येक विषयात चर्चा झालेली, प्रत्येकात सूचक, प्रत्येकात अनुमोदक. सदस्य एकमेकांकडे बघायला लागले. चौथ्या विषयाचं अनुमोदन ज्यांनी दिलं होतं, ते त्या दिवशी तापाने घरी झोपून होते. त्यांची सही त्याच दुपारी घरी जाऊन घेतली होती. ते स्वतःच खुर्चीत ताठ झाले.

सातव्या विषयाशी मी थांबलो.

"पुढे," बाई म्हणाल्या.

मला शब्द दिसेनात.

बाई उठून माझ्या टेबलाशी आल्या. आवाज अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा. "दफ्तरदार सभेत कुठे बसायचा?"

"माझ्या शेजारी."

"नकाशा आणायला तो इथूनच उठून गेला?"

"हो."

"पंप त्याच्या घरी नाही, खोलीत नाही, खिशात नाही. हवालदार म्हणतो मामाने फेकला. पण मामाला पंपाचं काय करायचंय? कडी लावणाऱ्यालाही पंपाला हात लावायची गरज नव्हती. मग पंप जिथं दफ्तरदाराने ठेवला तिथंच राहिला असणार." त्यांनी माझ्या टेबलावर बोट टेकवलं. "दमेकरी माणूस पंप कधी खाली ठेवतो? दोन मिनिटांत परत यायचं असलं तरच. आता मला एवढंच सांगा. साडेबाराला तो खरंच परत आला असता, तुमच्या शेजारी उभा राहून बोलला असता, तर पंप आज कुणाकडे असता?"

मी वही मिटली.

"त्याच्याकडे," मी म्हटलं.

"आणि आज कुणाकडे आहे?"

मामी बाकावरून उठून उभी राहिली होती. तिच्या हातात डबा होता. मी साहेबांकडे पाहिलं, त्यांनी मान अगदी किंचित हलवली, नाही म्हणून. मग मी कमरेची किल्ली काढली. खणाचं कुलूप उघडलं.

खणात कोरे कागद होते. त्यांच्यावर निळा पंप.

७

मग मी सगळं सांगितलं. आमच्याकडे सभेत काय होणार ते ठरलेलंच असतं, म्हणून इतिवृत्त मी आदल्या शनिवारीच लिहून ठेवतो. चर्चा, सूचक, अनुमोदक, सगळं. सभेत मी नुसता पेन हलवत बसतो. त्या शनिवारी सातव्या विषयाचे शब्द साहेबांनी स्वतः सांगितले होते, आणि दफ्तरदाराचं नाव मुद्दाम घालायला लावलं होतं. 'पडद्यावर' एवढा शब्द मी सवयीने घातला. मला वाटलं, म्हातारा निवृत्त होतोय, त्याचा मान ठेवतायत.

सोमवारी वीज गेली, तेव्हा दफ्तरदार उठला. पंप माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "आलोच. एवढं बघ रे." नकाशा दोन्ही हातांनी धरून आणायचा होता त्याला. पंप घेऊन गेला असता तर वाचला असता की नाही, ते डॉक्टरच जाणे.

मग खाली ठोकायला सुरुवात झाली.

बाईंनी विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं. ठोकलं जात होतं तेव्हा पंप माझ्या हाताखाली होता. साहेब कपाट म्हणाले. पण सुताराचं ठोकणं एका लयीत असतं. हे तसं नव्हतं. हे मध्येच थांबायचं, मग घाईघाईने पुन्हा सुरू व्हायचं. मला कळलं होतं. पूर्ण नाही, पण उठून खाली जाऊन बघावं एवढं नक्की कळलं होतं. सभा चालू असताना लिपिकाने उठायचं नसतं, म्हणून मी बसून राहिलो. आणि दादांनी विनोद केला तेव्हा हसलो. काखेत कळसा म्हणतात तो हाच. फरक इतकाच, की मला कळसा दिसत होता.

दारातल्या दोघा शिपायांनी साहेबांना नेलं. ते जाताना एकच वाक्य बोलले, आणि तेही माझ्याशी नाही, दादांशी: "सगळ्यांच्या सह्या आहेत, विसरू नका." पण विसरायला कुणाला वेळ लागला नाही. सतराच्या सतरा सदस्यांनी त्याच दिवशी लिहून दिलं की आम्ही इतिवृत्त वाचलेलं नव्हतं. मास्तरांचे दोन प्रश्नही हवेत विरले. माझ्यावर चौकशी लागली. ती संपेपर्यंत मला कामावरून काढता येत नाही, कारण त्यासाठी सभा बोलवावी लागते आणि सभेचं इतिवृत्त लिहायला दुसरं कुणी नाही.

नव्या सभेत पहिला विषय दफ्तरदाराचा शोकप्रस्ताव होता. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. खालून काहीच आवाज येत नव्हता. माझ्या शेजारची खुर्ची कुणीतरी उचलून नेली होती.

मामा बाराव्या दिवशी सुटला, पंधराव्या दिवशी कामावर आला. खाकी सदरा अंगावर ढगळ झाला होता. डावा कान गेला, असं मामी बायकांना सांगत होती. डाव्या बाजूने कुणी बोललं तर त्याला काही कळत नाही म्हणे. मामीने माझ्या टेबलाखालचं झाडणं सोडून दिलंय. बाकी सगळं ऑफिस लख्ख करते, आणि माझ्या खुर्चीभोवती धुळीचा एक गोल राहतो. तो मी संध्याकाळी स्वतः झाडतो.

मामा ट्रे घेऊन आला. सगळ्यांना चहा दिला, मला शेवटी दिला. तो माझ्या उजव्या हाताशी उभा होता, म्हणजे मी त्याच्या डाव्या कानाशी होतो. आसपास कुणी नाही असं बघून मी म्हटलं, "मामा, मी शेवटी सांगितलं ना रे. उशिरा का होईना."

त्याचा चेहरा ढिम्म हलला नाही. ग्लास पुसत होता तसाच पुसत राहिला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी उठलो, टेबलाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेलो आणि तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

मामाने फडकं खांद्यावर टाकलं आणि ट्रे उचलला.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं," तो म्हणाला, आणि पुढच्या टेबलाकडे गेला.